दिग्दर्शक कोण नेमतो? पीटर्सबर्गच्या एका नाट्यसंस्थेची शंभर वर्षे

सेंट पीटर्सबर्गमध्ये फोंतान्का नदीच्या काठावर, ६५ क्रमांकाच्या इमारतीत, बोल्शॉय ड्रामा थिएटर ही नाट्यसंस्था शंभर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. इमारत १८७८ सालची, संस्था १९१९ ची. रशियन रसिक तिला आद्याक्षरांवरून ‘बेदेते’ म्हणतात. १९३२ ते १९९२ अशी साठ वर्षे संस्थेला मॅक्झिम गॉर्की यांचे नाव होते, त्यानंतर ते जाऊन गेओर्गी तोव्स्तोनोगोव्ह यांचे नाव आले. नावातला हा बदलच तिचा इतिहास सहसा कसा सांगितला जातो ते दाखवतो. आधी धडपडीची आणि पडझडीची वर्षे, मग १९५६ साली एका थोर दिग्दर्शकाचे आगमन, तेहतीस वर्षांचे सुवर्णयुग आणि त्याच्या मृत्यूनंतरची पोकळी, अशी ही कथा. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. तोव्स्तोनोगोव्ह असामान्य होते, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. त्यांच्या आधीच्या सदतीस वर्षांत या संस्थेने सुमारे दहा प्रमुख पाहिले आणि त्यांतले काही चांगलेच प्रतिभावान होते. मग त्यांच्यापैकी कोणालाच इथे युग का घडवता आले नाही? माझ्या मते याचे उत्तर दिग्दर्शकांच्या प्रतिभेच्या तुलनेत सापडत नाही. दिग्दर्शक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि तो कोणत्या कारणांसाठी वापरला गेला, यात ते आहे.

हे समजायला रशियन नाट्यसंस्थेची रचना ठाऊक हवी, कारण आपल्याकडची आजची पद्धत अगदी निराळी आहे. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर निर्माता एक नाटक हाती घेतो, नटांच्या तारखा जुळवतो, नाट्यगृहे भाड्याने घेऊन प्रयोग लावतो आणि बुकिंग मंदावले की नाटक थांबते. रशियात ‘थिएटर’ म्हटले की इमारत, पगारी कायम नटसंच, नेपथ्य आणि वेशभूषेचे कारखाने आणि आलटून-पालटून होणारी दहा-पंधरा नाटके, हे सगळे एकत्र येते. आज चेखॉव्ह, उद्या शिलर, परवा एखादे नवे नाटक, आणि तिन्हींत तेच नट. आपल्या जुन्या किर्लोस्कर किंवा गंधर्व नाटक मंडळीचे बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणले तर या एकत्र नांदण्याची थोडी कल्पना येते. फरक मालकीचा आहे. आपल्या मंडळ्या मालकांच्या किंवा भागीदारांच्या होत्या, तर १९१७ नंतरची रशियन नाट्यगृहे सरकारची झाली. नाटके कोणती करायची, भूमिका कोणाला द्यायच्या, कोणाला संचात घ्यायचे हे मुख्य दिग्दर्शक ठरवतो. पण त्या मुख्य दिग्दर्शकाला खुर्चीवर बसवणारा आणि उठवणारा हात सरकारचा असतो. सोव्हिएत काळात शहराची पक्षसमिती आणि संस्कृती खाते यांच्या मर्जीशिवाय अशी नेमणूक होत नसे. त्यामुळे तिथे दिग्दर्शक बदलला की सगळ्या संस्थेची दिशा बदलते, आणि हा बदल रंगमंचाबाहेरच्या घडामोडींशी घट्ट बांधलेला असतो.

बेदेतेची सुरुवात उपासमारीच्या आणि यादवी युद्धाच्या पेट्रोग्राडमध्ये (पीटर्सबर्गचे तेव्हाचे नाव) झाली. गॉर्की, नटी मारिया आंद्रेयेवा आणि कवी अलेक्सांद्र ब्लोक हे तिचे आधारस्तंभ. आंद्रेयेवा त्या वेळी त्या भागातल्या नाट्यगृहांचा सरकारी कारभार पाहत होत्या. १५ फेब्रुवारी १९१९ रोजी संगीत महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहात शिलरच्या ‘डॉन कार्लोस’ने पडदा उघडला. दिग्दर्शन आंद्रेई लाव्रेन्त्येव्ह यांचे होते. नटांची जुळणी धाडसी होती. मार्क्विस पोझाच्या भूमिकेत शाही नाट्यगृहाचे शोकनट युरी युर्येव्ह, डॉन कार्लोस म्हणून मूकपटांचे लाडके व्लादिमीर माक्सिमोव्ह आणि राजा फिलिपच्या भूमिकेत ऑपेरेटातून आलेले निकोलाई मोनाखोव्ह. हलक्याफुलक्या संगीतिकांतल्या नटाला शोकांतिकेतला राजा करणे अनेकांना वेडेपणा वाटला असेल, पण मोनाखोव्ह याच भूमिकेने मोठे झाले आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंत या संस्थेचा कणा राहिले. क्रांतीच्या काळात नव्या प्रेक्षकाला मोठ्या भावनांची, अभिजात नाटके द्यायची, हा संस्थापकांचा हेतू होता. कलाविषयक मंडळाचे अध्यक्ष झालेले ब्लोक प्रयोगाआधी लाल सेनेच्या सैनिकांसमोर उभे राहून त्यांना नाटक समजावून सांगत. इतकी स्पष्ट कलादृष्टी आणि इतकी मोठी माणसे एखाद्या नाट्यसंस्थेला पहिल्याच दिवशी क्वचितच लाभतात. पण ही मांडणी अडीच वर्षेच टिकली. ऑगस्ट १९२१ मध्ये ब्लोक गेले आणि त्याच वर्षी गॉर्की देशाबाहेर पडले. नेपथ्यकार म्हणून संस्थेला रूप देणारे मस्तिस्लाव दोबुझिन्स्की आणि अलेक्सांद्र बेन्वा हेही पुढच्या पाच वर्षांत परदेशी गेले.

पुढच्या दशकात प्रमुख बदलत गेले आणि संस्था दर वेळी नवे वळण घेत राहिली. लाव्रेन्त्येव्ह गेले, निकोलाई पेत्रोव्ह आले, लाव्रेन्त्येव्ह परतले. १९२२ साली कॉन्स्तांतिन खोखलोव्ह यांनी जर्मन नाटककार गेओर्ग कैझर यांचे ‘गॅस’ बसवले. शिलरच्या राजवाड्यातून संस्था थेट अभिव्यक्तिवादी कारखान्यात शिरली. १९२७ मध्ये क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनी बोरिस लाव्रेन्योव्ह यांचे ‘राझलोम’ हे नौदलाच्या बंडाचे नाटक आले. ते कॉन्स्तांतिन त्वेर्स्कोय यांनी दिग्दर्शित केले होते आणि १९२९ मध्ये तेच संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३२ साली, गॉर्कींचे ‘येगोर बुलिचोव्ह’ रंगमंचावर आले. शीर्षक भूमिकेत पुन्हा मोनाखोव्ह होते. त्वेर्स्कोय यांना पाच-सहा वर्षे मिळाली, म्हणजे तोपर्यंतच्या हिशेबात बरीच. मग डिसेंबर १९३४ मध्ये लेनिनग्राडचे, म्हणजे याच शहराचे, पक्षप्रमुख किरोव्ह यांचा खून झाला आणि शहरातून ‘संशयित’ लोकांना हद्दपार करण्याची लाट आली. त्वेर्स्कोय यांना १९३५ मध्ये शहर सोडावे लागले आणि १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. व्लादिमीर फ्योदोरोव्ह यांच्या अल्पकाळानंतर १९३६ मध्ये मॉस्कोहून अलेक्सेई दिकी आले. गॉर्कींचे ‘मेश्चाने’ बसवून त्यांनी नव्या सुरुवातीची चाहूल दिली, पण १९३७ मध्ये त्यांनाही अटक झाली आणि चार वर्षे त्यांनी श्रमछावणीत काढली. सुटकेनंतर काही वर्षांतच याच दिकींनी चित्रपटांत स्टॅलिनची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना राज्य पुरस्कारही मिळाले. एकाच माणसाला छावणीत धाडणारी आणि पुढे गौरवणारी व्यवस्था एकच होती.

दिकींच्या जागी १९३८ मध्ये ‘चापायेव्ह’ चित्रपटामुळे देशभर गाजलेले नट बोरिस बाबोच्किन आले. गॉर्कींचे ‘दाच्निकी’ त्यांनी १९३९ मध्ये उत्तम बसवले, असे समकालीन सांगतात. पण दोन वर्षांत तेही गेले. लेव्ह रुदनिक प्रमुख असताना युद्ध सुरू झाले आणि संस्थेला लेनिनग्राडमधून किरोव्ह शहरात हलवण्यात आले. शहराला पडलेला वेढा अजून पूर्ण उठला नव्हता, तरी फेब्रुवारी १९४३ मध्ये हे नट लेनिनग्राडला परतले आणि बॉम्बगोळ्यांच्या छायेत प्रयोग करू लागले. ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत अभिमानाची घटना आहे आणि तिचे श्रेय कोणा एका दिग्दर्शकाच्या प्रतिभेपेक्षा नटसंचाच्या चिवटपणाला जाते. युद्धानंतर नतालिया राशेव्स्काया यांनी चार वर्षे कारभार पाहिला. त्यानंतर मात्र पुन्हा खुर्ची फिरू लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सभागृह ओस पडले, संचात गटबाजी माजली आणि रोज काय करायचे याची दिशा कोणालाच ठाऊक नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो. आधीचे दिग्दर्शक तोव्स्तोनोगोव्ह यांच्या तोडीचे नव्हतेच, मग काळाला आणि सरकारला दोष कशाला द्यायचा? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. दिकी हे स्तानिस्लाव्स्कींच्या मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेत घडलेले, रशियन दिग्दर्शनातले पहिल्या फळीचे नाव होते. त्वेर्स्कोय यांच्यापाशी नव्या नाट्यलेखनाची जाण होती. दोघांची बेदेतेतली कारकीर्द कामाच्या अपयशाने संपलेली नाही, ती पोलिसांनी संपवली. शिवाय कायम नटसंचाचे काम हळूहळू पिकते. एका दिग्दर्शकाच्या हाताखाली नट पाच-सात नाटके करतो, तेव्हा कुठे दोघांची भाषा जुळते. दर दोन-तीन वर्षांनी नवा प्रमुख आला, की नट सावध होतो. त्याला ठाऊक असते, की याच्याशी जुळवून घ्यावे तोवर हा गेलेला असेल. अशा संचात निष्ठा नव्या माणसाकडे वळत नाही, ती जुन्या गटांकडे आणि संस्कृती खात्यातल्या ओळखींकडे वळते. बेदेतेच्या १९५५ च्या अवस्थेत एकाच्या चुकीपेक्षा या सततच्या अस्थिरतेचा वाटा मोठा होता.

फेब्रुवारी १९५६ मध्ये तोव्स्तोनोगोव्ह बेदेतेत आले. त्याच महिन्यात मॉस्कोत ख्रुश्चेव्ह यांनी पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात स्टॅलिनवर टीका करणारे भाषण केले. हा योगायोग असला, तरी पुढच्या कारकिर्दीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तोव्स्तोनोगोव्ह त्या वेळी चाळिशीचे होते आणि दडपशाही त्यांनी घरातच भोगली होती. तिबिलिसीत रेल्वे अभियंता असलेले त्यांचे वडील १९३७ मध्ये बळी पडले आणि ‘जनतेच्या शत्रूचा मुलगा’ म्हणून त्यांनाही काही काळ मॉस्कोच्या नाट्यशाळेतून काढून टाकण्यात आले होते. लेनिनग्राडमध्येच लेनिन कोम्सोमोल थिएटर ही दुसरी मरगळलेली संस्था त्यांनी आधी सावरून दाखवली होती. तेव्हा प्रतिभेचा आणि अनुभवाचा प्रश्न नव्हता. निर्णायक ठरले ते त्यांनी मागून घेतलेले अधिकार. संचातल्या अनेक नटांना त्यांनी सुरुवातीलाच निरोप दिला आणि ज्यांना ठेवले, त्यांच्याकडून आपला शब्द अंतिम राहील हे मान्य करून घेतले. अधिकाऱ्यांनी हे होऊ दिले. आधीच्या कोणत्याही प्रमुखाला इतका मोकळा हात मिळाला नव्हता. पहिल्या हंगामात त्यांनी कोणताही मोठा विचार मांडला नाही. हलकीफुलकी नाटके लावून त्यांनी आधी रिकाम्या खुर्च्या भरल्या. प्रेक्षक परतला, तिकीट खिडकीवर रांग लागली आणि मगच त्यांनी दस्तयेव्हस्की हाती घेतले.

‘द इडियट’चा पहिला प्रयोग ३१ डिसेंबर १९५७ रोजी, नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी झाला. प्रिन्स मिश्किनच्या भूमिकेसाठी तोव्स्तोनोगोव्ह यांनी इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की या तेव्हा जवळजवळ अपरिचित नटाला निवडले. ‘सोल्दाती’ या युद्धपटात त्यांनी त्याला पाहिले होते आणि त्याचे डोळे त्यांच्या लक्षात राहिले होते. तालमी मात्र रखडल्या. नटाला भूमिका सापडेना, आवाज लागेना, संचातले लोक कुजबुजू लागले आणि स्मोक्तुनोव्स्की सोडून जायच्या विचारात आले. सहदिग्दर्शिका रोझा सिरोता त्यांच्यासोबत स्वतंत्र बसून एकेका प्रवेशावर काम करीत राहिल्या. स्मोक्तुनोव्स्कींनी पुढे सांगितले, की लेनफिल्म स्टुडिओच्या गर्दीच्या मार्गिकेत त्यांना एक माणूस उभ्याउभ्या वाचताना दिसला. आजूबाजूला लोकांची ये-जा चालू होती, पण तो त्या गोंधळातही स्वतःच्या शांततेत उभा होता. हाच मिश्किन, असे त्यांना त्या क्षणी वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, की तो अनेक वर्षे छावणीत राहून आला आहे. रंगमंचावरचा मिश्किन तिथून आला. त्याचे हळू बोलणे, समोरच्याचे ऐकताना किंचित पुढे झुकणे आणि कोणाचाही तिरस्कार न करणारी त्याची नजर यांनी लेनिनग्राडचा प्रेक्षक हलून गेला. छावण्यांतून माणसे घरी परतत होती तो हा काळ. प्रेक्षकाला निष्पाप माणसाकडे नव्या नजरेने पाहायचे होते आणि हे नाटक ती नजर देत होते. आता कल्पना करावी, की सरकारी खात्याने तालमी रखडल्याचे कारण पुढे करून दिग्दर्शकाला मध्येच बदलले असते. आधीच्या तीस वर्षांत असे घडायला याहून कमी कारण पुरत होते.

मिळालेल्या वेळाचे फळ ‘मेश्चाने’मध्ये आणखी स्पष्ट दिसते. गॉर्कींचे हेच नाटक दिकींनी १९३७ मध्ये याच संस्थेत बसवले होते. तोव्स्तोनोगोव्ह यांनी ते १९६६ मध्ये पुन्हा घेतले आणि नेपथ्यही स्वतःच केले. सोव्हिएत शाळांमध्ये या नाटकाचा अर्थ ठरलेला होता. कामगार नील हा भविष्यकाळ, आणि घरमालक बेसेमेनोव्ह हा कालबाह्य, कोत्या मनाचा वर्ग. पहिल्याच अंकात बेसेमेनोव्ह घरच्यांवर भडकतो, कारण साखरेची ढेप आणून घरी फोडण्याऐवजी कापलेले खडे विकत आणले गेले आहेत. ते वजनाला जड आणि गोडीला कमी, अशी त्याची तक्रार. आतापर्यंत प्रेक्षक इथे हसत होते. येव्गेनी लेबेदेव्ह यांनी ही तक्रार अशा तळमळीने केली, की साखरेमागे आयुष्यभर काडीकाडी जमवलेले घर दिसू लागले. मुले ते घर सोडून निघाली आहेत आणि का, हे बापाला कळत नाही. प्रेक्षकाला बेसेमेनोव्ह पटत नाही, पण त्याच्यावरचा त्याचा राग ओसरतो. नाटकातला शत्रू माणूस झाला. हे एका तालमीत घडत नाही. लेबेदेव्ह या संचात तोव्स्तोनोगोव्ह यांच्यासोबत दहा वर्षे घालवून इथवर आले होते. नीलची भूमिका करणारे किरिल लाव्रोव्ह आणि बेसेमेनोव्हची मुलगी तात्याना हिच्या भूमिकेतल्या एमिलिया पोपोवा यांचेही तसेच. हे नाटक पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तोव्स्तोनोगोव्ह यांची सत्ता एकहाती होती, मग सरकारच्या एकाधिकाराला नावे ठेवायची आणि दिग्दर्शकाच्या एकाधिकाराचे गोडवे गायचे, हा दुटप्पीपणा नाही का? नाट्यसंस्था म्हणजे स्वेच्छेने स्वीकारलेली हुकूमशाही, असे ते उघड म्हणत. त्याची किंमत संस्थेने मोजली, हे मान्य करायलाच हवे. स्मोक्तुनोव्स्की १९६० मध्ये गेले, तात्याना दोरोनिना १९६६ मध्ये मॉस्कोला गेल्या, ओलेग बोरिसोव्ह यांनी १९८३ मध्ये संच सोडला. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, पण मोठ्या नटांना इथे आपल्या मर्जीने वाढायला मर्यादित जागा होती, यात शंका नाही. टॉल्स्टॉयच्या कथेवरचे १९७५ चे प्रसिद्ध नाटक ‘घोड्याची गोष्ट’ मुळात मार्क रोझोव्स्की या तरुण दिग्दर्शकाने लिहून बसवायला घेतले होते. पुढे तोव्स्तोनोगोव्ह यांनी ते हाती घेतले आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचेच नाव झळकले. रोझोव्स्कींनी यावर नंतर उघड नाराजी व्यक्त केली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. तरीही दोन्ही सत्तांमध्ये एक फरक आहे. दिग्दर्शकाची सत्ता दर संध्याकाळी प्रेक्षकांसमोर तपासली जाते. नाटक पडले तर ते सगळ्यांना दिसते आणि नटाला दुसरीकडे जाता येते. १९३५ च्या हद्दपारीला किंवा १९३७ च्या अटकेला असा कोणताही प्रेक्षक नव्हता. दिग्दर्शकाच्या अधिकाराला मर्यादा हव्यात, पण त्या संचाने आणि कामाने घालायच्या असतात.

शिवाय ही सत्तासुद्धा उसनवारीची होती, हे तोव्स्तोनोगोव्ह यांना पुरते ठाऊक होते. १९६२ च्या ‘गोरे ओत उमा’ या ग्रिबोयेदोव्ह यांच्या नाटकात त्यांनी रंगमंचाच्या वरच्या बाजूस पुश्किनच्या पत्रातले एक वाक्य लावले होते. बुद्धी आणि प्रतिभा घेऊन रशियात जन्मल्याची खंत त्यात होती. ते वाक्य अधिकाऱ्यांनी काढायला लावले. नायक चात्स्कीची भूमिका करणारे सेर्गेई युर्स्की यांनी ती खंत मग अभिनयातून दाखवली. १९६५ मध्ये लिओनिद झोरिन यांच्या ‘रोमन कॉमेडी’ची तयारी पूर्ण झाली, निमंत्रितांसमोर प्रयोग झाला आणि त्यानंतर ते नाटक बेदेतेत आलेच नाही. त्यातही मुख्य भूमिकेत युर्स्कीच होते. पुढे शहरातल्या सुरक्षायंत्रणेची त्यांच्यावर वक्रदृष्टी झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना लेनिनग्राड सोडून मॉस्कोला जावे लागले. दुसरीकडे, वर्धापनदिनांसाठी अपेक्षित असलेली नाटकेही तोव्स्तोनोगोव्ह करीत राहिले. १९८० मध्ये लाव्रोव्ह यांनी रंगवलेला लेनिन याच रंगमंचावर आला. या तडजोडीला भ्याडपणा म्हणणारे आहेत. मला ती त्या व्यवस्थेतल्या करारातली फेड वाटते. संस्थेला स्थैर्य हवे, तर वर्षाकाठी एक-दोन नाटके सत्तेला आणि उरलेली प्रेक्षकाला. पण याचा अर्थ असाही होतो, की तेहतीस वर्षांचे स्थैर्य हा संस्थेचा हक्क कधीच नव्हता. ती मेहेरबानी होती आणि कधीही मागे घेता आली असती.

अशा मेहेरबानीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेची खरी परीक्षा वारसदाराच्या वेळी होते. २३ मे १९८९ रोजी तोव्स्तोनोगोव्ह तालीम पाहून स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते. वाटेतच त्यांचे निधन झाले. तयार वारस नव्हता. ते अनेक वर्षे नाट्यशाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शिष्यांपैकी कामा गिन्कास मॉस्कोत मोठे दिग्दर्शक झाले, तर येव्गेनी आर्ये यांनी इस्राएलमध्ये जाऊन १९९१ मध्ये ‘गेशेर’ ही नाट्यसंस्था उभी केली. गुरूच्या संस्थेत मात्र त्यांच्यापैकी कोणालाही जागा झाली नव्हती. एकाच माणसाभोवती रचलेल्या संस्थेत दुसरा माणूस वाढत नाही, हे यावरून दिसते, आणि या बाबतीत दोष पूर्णपणे सरकारचा नाही. पेरेस्त्रोइकाच्या मोकळ्या हवेत संचाने गुप्त मतदान घेऊन किरिल लाव्रोव्ह यांना कलाप्रमुख निवडले. आपला नेता नटांनी स्वतः निवडण्याची या संस्थेच्या इतिहासातली ही एकमेव ठळक वेळ. लाव्रोव्ह दिग्दर्शक नव्हते. पाहुणे दिग्दर्शक बोलावून त्यांनी नाटके करवून घेतली. जॉर्जियाचे तेमूर च्खेइद्झे यांनी १९९० मध्ये शिलरचे ‘कपट आणि प्रेम’ बसवले. पुढे २००४ मध्ये तेच मुख्य दिग्दर्शक झाले आणि २००७ मध्ये लाव्रोव्ह यांच्या निधनानंतर कलाप्रमुख.

तिसरा आक्षेप याच काळातून येतो. संचाला निवडीचा अधिकार मिळाला, मग सुवर्णयुग का परतले नाही? उलट संस्था जुन्या वैभवाचे संग्रहालय झाली, अशी टीका तेव्हा होत होती. ही टीका मी पूर्णतः नाकारत नाही. नटांनी आपल्यातला सर्वांत विश्वासू माणूस निवडला, सर्वांत धाडसी नव्हे, आणि अनाथ झालेल्या संचाने तसे करणे स्वाभाविकच होते. पण त्या वर्षांत काय टिकले, तेही पाहावे. सोव्हिएत संघ कोसळला, सरकारी पैसा आटला, अनेक नाट्यसंस्थांत फूट पडली. मॉस्को आर्ट थिएटर तर १९८७ मध्येच दुभंगले होते. बेदेते दुभंगले नाही. लेबेदेव्ह, अलिसा फ्रेइंडलिख, ओलेग बासिलाश्विली यांच्यासारखे नट तिथेच राहिले. मतदानाने युग घडत नाही, पण मतदानाने आलेला प्रमुख संचाला एकत्र ठेवू शकतो, एवढे या काळाने सिद्ध केले. युग घडवायचे तर संचाचा विश्वास आणि दिग्दर्शकाचे धाडस एकाच खुर्चीवर यावे लागते.

२०१३ मध्ये आंद्रेई मोगुची आले, तेव्हा हे धाडस आले. त्यांची जडणघडण प्रायोगिक रंगभूमीवर झाली होती आणि त्यांची नेमणूक पुन्हा वरूनच झाली होती. फोंतान्काची इमारत त्या वेळी डागडुजीसाठी बंद होती. कामेन्नी बेटावरच्या जुन्या लाकडी नाट्यगृहात त्यांनी ‘अलिसा’ बसवले. लुईस कॅरॉलच्या अद्भुत जगात म्हाताऱ्या अलिसाची भूमिका फ्रेइंडलिख यांनी केली. तोव्स्तोनोगोव्ह यांच्या काळातली पिढी नव्या दिग्दर्शकाला कशाला स्वीकारेल, ही शंका त्या एका निवडीने बरीच कमी झाली. २०१४ मध्ये मुख्य इमारत पुन्हा उघडली. मोगुची यांनी ऑस्त्रोव्स्कींचे ‘ग्रोझा’ आणि समकालीन नाटके करून नवा, तरुण प्रेक्षक आणला. नावाजलेल्या जुन्या पद्धतीच्या चाहत्यांना ते रुचले नाही आणि त्यांचा आक्षेप त्यांनी मांडला, हे योग्यच होते. अशी भांडणे जिवंत संस्थेतच होतात. पण मार्च २०२३ मध्ये मोगुची यांचा करार संपला आणि रशियाच्या संस्कृती मंत्रालयाने तो पुढे वाढवला नाही. युक्रेनविरुद्धच्या युद्धानंतर रशियन नाट्यगृहांत प्रमुख बदलण्याची जी मालिका सुरू झाली, तिच्यातच हा निर्णय बसतो. नाटके पडली म्हणून, प्रेक्षक उठून गेला म्हणून किंवा संचाने मागणी केली म्हणून तो झालेला नाही. शंभर वर्षांनंतरही ती किल्ली त्याच हातात होती.

एक शेवटचे म्हणणे उरते. पैसा सरकारचा, इमारत सरकारची, मग नेमण्याचा अधिकारही सरकारचाच हवा ना? करदात्याच्या पैशाचा हिशेब मागण्याचा सरकारला पूर्ण हक्क आहे. तिकिटे किती खपली, इमारतीची देखभाल झाली का, पगार वेळेवर मिळाले का, हे त्याने विचारावे. पण बेदेतेच्या इतिहासात सरकारी हस्तक्षेपाने एकदाही चांगले नाटक दिलेले नाही. त्याचे चांगले योगदान इतकेच, की १९५६ मध्ये ते बाजूला उभे राहिले. यातून ज्या संस्थांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी निघतात. प्रमुखाला ठरावीक मुदत द्यावी आणि त्या मुदतीत त्याला कलेखेरीज अन्य कारणाने हात लावू नये. त्याची निवड करताना संचाचे मत मोजावे, कारण रोज त्याच्यासोबत उभे राहायचे असते ते नटांना. आणि प्रमुखाने आपल्या हयातीतच आपल्यापेक्षा वेगळ्या दिग्दर्शकांना त्याच रंगमंचावर उभे राहू द्यावे, म्हणजे पुढचा माणूस बाहेरून आणावा लागत नाही. तोव्स्तोनोगोव्ह यांना पहिली गोष्ट लाभली, लाव्रोव्ह यांना दुसरी, आणि तिसरी त्यांच्या पाहुण्या दिग्दर्शकांमुळे काही अंशी. तिन्ही एकत्र आल्या असत्या, तर बेदेतेचे सुवर्णयुग एका माणसाच्या आयुष्याएवढेच राहिले नसते.